इलेक्ट्रिक गाडीचं क्रूझ कंट्रोल आपोआप सुटतंय – नक्की कुठे बघावं?

रानजाई | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

गाडी इलेक्ट्रिक, २०२१ची, ६८ हजार किलोमीटर झालेत. साधं क्रूझ आहे, म्हणजे पेडलवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारं; पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं रडारवालं नाही. आईबाबा नागपूरला आणि मी संभाजीनगरला, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी समृद्धीवर असते. आधी जालना सोडलं की ९०ला क्रूझ लावायचं आणि थेट कारंज्यापर्यंत पायाला आराम. गुडघ्याचा त्रास आहे, म्हणून मला त्याची खरंच गरज आहे.

गेले तीन महिने क्रूझ मध्येच सुटतं. हिरवं चिन्ह पांढरं होतं आणि त्याच क्षणी कुणी मागून धरून ओढल्यासारखी गाडी मंदावते. पेट्रोलच्या गाडीत क्रूझ सुटलं तर गाडी हळूहळू वेग सोडते. इथे पाय पेडलवर नसतो, त्यामुळे लगेच रीजन लागतं, म्हणजे मोटरच ब्रेकसारखी गाडीला ओढून धरते आणि वीज परत बॅटरीत घालते. मागे ट्रक असला की छातीत धस्स होतं.

सुरुवातीला हे फक्त पुलांच्या सांध्यांवर व्हायचं, तो ठक्‌ आवाज आला की. आता कुठेही होतं. कधीकधी क्रूझ लागतच नाही. ब्रेक एकदा जोरात दाबून सोडला की मग लागतं.

सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. पहिल्यांदा रीसेट करून दिली, दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर अपडेट टाकलं. दोन्ही वेळा ‘बिघाडाचा कोड काही दाखवत नाही मॅडम’. आता स्टिअरिंगवरचा बटणांचा पूर्ण संच बदलायला सांगताहेत, खर्च १४ हजार.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवते, संबंध असेल-नसेल. गेल्या महिन्यात एका सकाळी गाडी उठलीच नाही, दिवे-हॉर्न चालवणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी उतरली होती, जंप द्यावा लागला. आणि मागच्या फेरीत रात्री मागचे ट्रकवाले सारखे डिपर मारत होते. मी डाव्या लेनमध्ये, ठरलेल्या वेगात. काय चुकत होतं ते कळलं नाही.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री १०.१५

आधी साध्या गोष्टी विचारतो, राग मानू नका. ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) बटण चुकून बंद झालेलं नाही ना? बऱ्याच गाड्यांत ते बंद असलं तर क्रूझ लागत नाही. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखेच झिजलेले आहेत ना? पुढचे दोन नवे आणि मागचे अगदी गुळगुळीत असले तर चाकांचा वेग एकमेकांशी जुळत नाही, आणि एबीएसला शंका आली की सगळ्यात आधी क्रूझ बंद होतं. शिवाय क्रूझऐवजी स्पीड लिमिटर (ठरवलेल्या वेगाच्या वर जाऊ न देणारी सोय) लागत नाही ना? दोन्हींचं चिन्ह बरंचसं सारखं असतं.

तुम्ही निघताना १०० टक्के चार्ज करता का? भरलेल्या बॅटरीला रीजन घेता येत नाही. मला हे लोणावळ्यात कळलं. जेवण होईपर्यंत गाडी पूर्ण भरली आणि लगेच खंडाळ्याचा घाट उतरायला लागलो. लोणावळा ते खोपोली साधारण साडेपाचशे मीटरचा उतार. सतराशे किलोची गाडी एवढं उतरते तेव्हा हिशोबाने जवळपास अडीच युनिट वीज सुटते. थोडी हवेत आणि टायरात जाते, बाकीची बॅटरीत जायला हवी, पण तिथे जागाच नाही. गाडी ठरवलेल्या वेगापुढे पळायला लागली, ‘रीजन मर्यादित’ असा संदेश आला आणि क्रूझने हात सोडला. तेव्हापासून घाटमाथ्यावर ८५ टक्क्यांच्या वर भरत नाही. घाटात क्रूझ लावत नाही हे वेगळं सांगायला नको.

---

रानजाई | सोमवार, रात्री १०.३०

राग कसला! ट्रॅक्शन चालू आहे, चारही टायर गेल्या वर्षी एकदम बदललेत. निघताना ९० टक्के असते, पण मेहकरपर्यंत ती निम्म्यावर येते आणि त्यानंतरही क्रूझ सुटतं. लिमिटर नाही, चिन्ह नीट बघितलं.

---

फ्योर्ड | सोमवार, रात्री ११.०५

ऑस्लोहून लिहितोय. इथे नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांत बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिकच, त्यामुळे या तक्रारी रोज कानावर पडतात. हिवाळ्यात बॅटरी गारठली की ती अर्धी भरलेली असली तरी रीजन घेत नाही, आणि क्रूझ उतारावर घसरल्यासारखं वागतं. पण संभाजीनगरला तो प्रश्न नाही. तुमचं वर्णन वाचून मला कुठेतरी सैल झालेला संपर्क वाटतोय, कारण सुरुवात सांध्यांवरच्या धक्क्याने झाली. सॉफ्टवेअरला पुलाचा सांधा कळत नाही.

---

फ्यूजवायर | मंगळवार, सकाळी ६.५०

ताई, १४ हजार अजिबात देऊ नका. आधी मी सांगतो तेवढं करा.

मी नाशिकला गाड्यांची वायरिंगची कामं करतो, ३० वर्षं झाली. इलेक्ट्रिक गाड्या चार-पाच वर्षांपासून येतात. मोठ्या बॅटरीच्या केशरी वायरींना मी हात लावत नाही आणि कुणी लावूही नये. पण क्रूझची भानगड बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या बाजूलाच असते.

स्टिअरिंगवरची बटणं तपासायची सोपी खूण सांगतो. हॉर्न वाजतो का? गाण्याचा आवाज कमी-जास्त करायची बटणं चालतात का, तेही स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून? या सगळ्यांच्या वायरी स्टिअरिंगच्या मागे एका गुंडाळलेल्या पट्टीतून येतात, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती तुटली तर हॉर्न जातो, एअरबॅगचा दिवा लागतो. हे सगळं ठीक असेल तर पट्टी चांगली आहे. आणि एकटं क्रूझचं बटण खराब असतं तर क्रूझ लागलं नसतं. लागलेलं क्रूझ सहसा असं सुटलं नसतं.

आता मुद्द्याचं. लागलेलं क्रूझ सोडवायचा पहिला हक्क ब्रेकचा. पेडलच्या वरच्या टोकाला एक छोटा स्विच असतो. त्याला दट्ट्या असतो, वाटाण्याएवढा. पाय काढलेला असतो तेव्हा पेडल त्या दट्ट्याला दाबून धरतं. ब्रेक दाबला की पेडल पुढे जातं, दट्ट्या बाहेर येतो, मागचा दिवा लागतो आणि क्रूझला कळतं की आता सोडायचं. बहुतेक स्विचांच्या आत दोन संपर्क असतात, एक जुळतो तेव्हा दुसरा तुटतो. दोघांची साक्ष जुळली नाही तरी क्रूझ सुटतं. कोड आलाच तर पी०५०४ किंवा पी०५७१ असा येतो. पण बिघाड क्षणभराचा असला की कोड साठेलच असं नाही, आणि उभ्या गाडीला स्कॅनर लावून तो दिसत नाही.

पेडलला जिथे दट्ट्या टेकतो तिथे एक भोक असतं आणि त्यात प्लास्टिकची नाहीतर रबराची गुंडी बसवलेली असते. उन्हात गाडी उभी राहून राहून ती कडक होते, तडकते, भुगा होतो. गुंडी गेली की दट्ट्या भोकातून आरपार येतो. मग तुम्ही ब्रेक दाबला नसला तरी गाडीला वाटतं दाबलेला आहे.

तुमची बारा व्होल्ट का उतरली? ट्रकवाले डिपर का मारत होते? ताई, मला वाटतं तुमचा ब्रेकचा दिवा पेटून राहतोय. आज रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा, बंद करा, लॉक करा, आणि मागे लाल उजेड पडतोय का बघा. २१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. दहा तासांत ३५ अँपिअर-अवर. लहान बॅटरी सकाळपर्यंत बसणारच. काही गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून लहानीला भरून घेतात, पण सगळ्या नाही.

---

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ८.२०

काका, एक शंका. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेकचे दिवे रीजननेही लागतात. मग दिवा लागला म्हणजे स्विचच खराब, असं कसं म्हणायचं?

---

फ्यूजवायर | मंगळवार, सकाळी ८.४५

बरोबर शंका काढलीत, म्हणूनच उभ्या आणि बंद गाडीवर बघायला सांगितलं. रीजनचा दिवा चालत्या गाडीतच लागतो. उभ्या गाडीत लागलेला दिवा पेडलच्याच स्विचचा.

---

फ्योर्ड | मंगळवार, दुपारी १.३०

रीजनच्या दिव्याला आकडाही ठरलेला आहे. युरोपातल्या गाड्यांना लागू असलेल्या आर१३एच नियमानुसार, पेडलला पाय न लावता गाडी दर सेकंदाला ०.७ मीटर प्रति सेकंद किंवा त्याहून कमी मंदावत असेल तर ब्रेकचा दिवा लागता कामा नये. १.३च्या वर गेलं तर लागलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. म्हणून रात्री कुणाला मागून गाडी चालवायला सांगून तपासायचं असेल तर रीजन सगळ्यात कमी पायरीवर ठेवा, नाहीतर दोन्ही दिव्यांची गल्लत होईल.

---

लिंबोणी | मंगळवार, दुपारी ३.१०

धागा वाचतेय. माझ्याकडे रडारवालं क्रूझ आहे, गाडी वर्षाची. पावसाळ्यात दोनदा ‘समोरचा सेन्सर झाकला आहे’ असं येऊन क्रूझ बंद पडलं. हाही स्विचचाच प्रकार का?

---

दर्यावर्दी | मंगळवार, सायंकाळी ६.००

लिंबोणी, तुमचा प्रकार निराळा. रडार बहुतेक बंपरच्या खालच्या जाळीमागे किंवा कंपनीच्या बोधचिन्हामागे असतं. बाहेरून गुळगुळीत काळी पाटी दिसते. मी सावंतवाडी ते मडगाव सतत फिरतो. चिऱ्याच्या खाणींकडून येणारे डंपर रस्त्यावर तांबडा चिखल सांडतात, तो त्या पाटीवर बसतो आणि वाळून मातीचा लेपच होतो. रडारच्या लहरी ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, ओला चिखल त्या अडवतो. मी डिकीत पाण्याची बाटली आणि मऊ फडकं ठेवतो. आधी पाणी ओतून माती भिजू द्यायची, मग पुसायचं. कोरडं घासलं तर पाटीवर ओरखडे पडतात.

मुसळधार पावसात पाटी स्वच्छ असूनही बंद पडेल. पाऊस ओसरला की परत येतं, ते योग्यच आहे. बाहेरून लावलेला क्रोमचा गार्ड, नंबरप्लेटची जाड चौकट किंवा बोधचिन्हावर चिकटवलेलं देवाचं स्टिकर असेल तर आधी काढा. पुढची काच बदलली असेल तर काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घेतलाय का ते बिलावर बघा. माझ्या भावाच्या गाडीची काच बाहेर बदलली, जुळवणी केलीच नाही, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर उगाच ब्रेक मारायला लागली.

---

लिंबोणी | मंगळवार, सायंकाळी ६.२५

नंबरप्लेटची चौकट! दिवाळीत बसवली होती. उद्याच काढते. धन्यवाद दादा.

---

प्रवासी_७०१ | मंगळवार, रात्री ९.१५

धाग्याच्या विषयाला जोडूनच एक लिहितो, कारण समृद्धीचा उल्लेख आला. नाव त्या रस्त्याच्या ७०१ किलोमीटरवरूनच घेतलंय, आठवड्याला जाणं-येणं आहे.

रडारवालं क्रूझ चालत्या गाडीच्या मागे छान चालतं. पण कडेला किंवा लेनमध्येच थांबलेला ट्रक त्याला वेळेत कळेलच याची खात्री नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हे बहुतेक सगळ्यांनी लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. उभ्या वस्तू रडारला फार दिसतात: दुभाजक, पाट्या, पुलाचे खांब. प्रत्येकावर ब्रेक मारायचा नाही म्हणून मोठ्या वेगात उभ्या वस्तूंकडे बऱ्याच यंत्रणा दुर्लक्ष करतात. त्यात पुढची गाडी ऐनवेळी लेन बदलून बाजूला झाली, की समोर उभा ट्रक आणि आपली गाडी वेग वाढवतेय, अशी स्थिती येते. दोन वर्षांपूर्वी वाशिमच्या टप्प्यात पहाटे मी ती अनुभवली. पाय ब्रेकजवळ होता म्हणून आज लिहितोय.

साध्या क्रूझला तर काहीच दिसत नाही. रानजाईताई, तुम्ही रात्री एकट्या असाल तर दर तासाभराने स्वतःहून क्रूझ सोडा आणि दहा मिनिटं पायाने चालवा. सरळ काँक्रीटवर डोळे उघडे असतात आणि लक्ष गेलेलं असतं, कळतही नाही.

---

रानजाई | बुधवार, रात्री ११.२०

फ्यूजवायरकाका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

काल रात्री साडेदहाला पार्किंगच्या भिंतीला गाडी लावली. बंद केली, लॉक केली, मागे जाऊन उभी राहिले. भिंत अंधारी. वाटलं, आपलं काही नाही. तेवढ्यात नवऱ्याने दार उघडून ब्रेक दाबला, सोडला, आणि भिंत लाल झाली ती लालच राहिली. पाय काढलेला, गाडी बंद, आणि दिवे पेटलेले. पेडलला बोटाने थोडं वर ओढलं की विझायचे, सोडलं की पुन्हा पेटायचे.

मग मी मोबाइलचा टॉर्च घेऊन सीट मागे सारली आणि पायाच्या जागेत डोकं घालून आडवी झाले. पेडलच्या दांड्याला वर एक भोक दिसलं आणि त्यातून दट्ट्याचं काळं टोक आरपार बाहेर आलेलं. गुंडीचा अर्धा तुकडा भोकाच्या कडेला लटकत होता, हिरवट-निळा. नखाने लागताच त्याची पूड झाली.

तो रंग बघून मी तशीच पडून राहिले. असेच हिरवट-निळे कण दोन महिन्यांपूर्वी मॅटवर सापडले होते. लेकीच्या खेळण्याचं काहीतरी तुटलं असेल म्हणून व्हॅक्यूमने ओढून टाकले होते.

आज सकाळी गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेली. त्यांच्याकडे नेमकी गुंडी नव्हती, पण त्याच मापाची दुसऱ्या गाडीची बसली. ६० रुपये आणि पंधरा मिनिटं. त्यांनी स्विचचं अंतरही नीट लावून दिलं, दोन्ही संपर्क मीटरने तपासले. नंतर जालन्यापर्यंत जाऊन आले. जाताना-येताना एकदाही क्रूझ सुटलं नाही, सांध्यांवरसुद्धा.

पण मला झोप येत नाहीये ती दुसऱ्या गोष्टीने. तीन महिने मी रात्री-बेरात्री त्या रस्त्यावर होते आणि माझे ब्रेकचे दिवे मनाला येईल तेव्हा पेटत होते. सतत पेटलेला दिवा म्हणजे मागच्याला मी खरा ब्रेक कधी मारला ते कळायला काही मार्गच नाही. क्रूझ सुटून गाडी मंदावायची तेव्हाही नाही. ते ट्रकवाले मला हेच सांगत होते. मी त्यांच्यावर चिडून काच वर केली होती.

---

फ्यूजवायर | गुरुवार, सकाळी ६.३०

ताई, छान काम केलंत. आता दोन गोष्टी राहिल्या. बारा व्होल्टची बॅटरी एकदा पूर्ण बसली की तिचा जोर कमी होतो. गाडी बंद करून चार तासांनी मीटर लावा, साडेबारा व्होल्टच्या खाली दाखवलं तर लोड टेस्ट करून घ्या. लहान बॅटरी कमजोर झाली की इलेक्ट्रिक गाडी एकाच वेळी दहा प्रकारचे इशारे दाखवते आणि माणूस घाबरतो.

दुसरं, त्या सर्व्हिस सेंटरला जुन्या गुंडीचा तुकडा नेऊन दाखवा. भांडायला नको. त्याच सालच्या बाकीच्या गाड्यांतही ती गुंडी तितकीच जुनी झालेली आहे, पुढच्या माणसाचा वेळ वाचेल.

---

रानजाई | गुरुवार, सकाळी ९.१०

तुकडा पाकिटात ठेवलाय काका, शनिवारी जाते. बॅटरी आत्ताच मोजली, १२.६.

---

घाटमाथा | गुरुवार, सकाळी ९.३०

काल रात्री मीही भिंतीला लावून बघितली. ठीक आहे. सोसायटीत याच सालच्या आणखी दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत, त्यांनाही सांगितलं. त्यातल्या एका काकांचे दिवे पाय काढल्यावर दोन सेकंद उशिरा विझतात. गुंडीला बारीक तडा दिसतोय. आज गाडी घरीच ठेवायला सांगितलंय, संध्याकाळी दोघं मिळून बदलतो.